सहा मुलांचं लायसन्स

मुलं सांभाळायला सरकारची परवानगी लागते हे शरयू खांबेटेला कळलं, तेव्हा तिच्या हातात लाटणं होतं आणि कडेवर नऊ महिन्यांचं परक्याचं पोर. दारात एक उंच, सावळी, पिकत चाललेल्या केसांची बाई उभी होती. तिनं गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, मिसेस टॉलिव्हर असं नाव सांगितलं आणि आत येऊ का, असं विचारलं. शरयूला वाटलं, शिरगणती करायला आली असेल. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. घरात माणसं किती, असं बाईनं विचारल्यावर सरळ सांगून टाकलं की आम्ही तिघं, आणि दिवसभर ही पाच मुलं.

मुलं तुमची नाहीत ना, मग लायसन्स आहे का, असं त्या बाईनं विचारलं. शरयूला लायसन्स म्हणजे गाडीचं, एवढंच ठाऊक. "मला गाडी चालवता येत नाही," ती म्हणाली.

ही गोष्ट १९८२ सालची, सांता क्लारामधली. शरयूचा नवरा दिगंबर तिथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. आठ वर्षांपूर्वी कऱ्हाडहून ती मुलगा गिरीशला घेऊन आली, त्याआधी अकरा वर्षं तिनं बालवाडी चालवली होती. इथे आल्यावर गिरीश शाळेत आणि दिगंबर ऑफिसात गेला की घर खायला उठायचं. मग ओळखीतल्या एका जोडप्यानं विचारलं, बायकोला नोकरी लागतेय, बाळाला ठेवाल का. शरयूनं हो म्हटलं. एकाची दोन झाली, दोनाची पाच. आई-वडील सकाळी सात वाजता मुलं आणून सोडत आणि संध्याकाळी न्यायला येत, तेव्हा मुलं वरणभात खाऊन, तोंड धुऊन, तीट लावून तयार असत. सगळे तिला मावशी म्हणत. रोज सकाळी एकामागून एक गाड्या थांबताना पाहून कुणा शेजाऱ्यानं असली लायसन्सं देणाऱ्या सरकारी ऑफिसला फोन केला होता. तक्रार अशी नव्हती, नुसती चौकशी होती.

शरयू मात्र हबकली. मिसेस टॉलिव्हरनं यादी वाचून दाखवली, तशी आणखीच. छातीची तपासणी हवी, क्षय नसल्याचा दाखला हवा. आणि पोलिसांकडे जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यायला हवेत, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे. शरयूच्या लेखी ठसे द्यायचे ते दोघांनीच. एक चोरांनी, आणि दुसरं सही न येणाऱ्यांनी. ती दोन दिवस धड जेवली नाही. दिगंबरनं तिची समजूत घातली, की अगं, इथे कुत्रा पाळायलासुद्धा लायसन्स लागतं. त्यानं ती आणखी चिडली.

पण तिनं सगळं केलं. अर्धवट करणं तिच्या स्वभावात नव्हतं. काळी झालेली बोटं साबणानं घासत घरी आली, विजेच्या प्लगांना प्लास्टिकची झाकणं बसवली, सिंकखालच्या कपाटाला कुलूप घातलं, औषधं वरच्या फळीवर नेली, आग विझवायचा लाल नळा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगला. मिसेस टॉलिव्हर पुन्हा आली तेव्हा ती गुडघ्यांवर बसून, मुलांच्या उंचीवरून घर बघत फिरली. टेबलाचे कोपरे, पडद्याच्या दोऱ्या, नळाचं गरम पाणी. बालवाडीला तपासणीला येणारे साहेब खुर्चीवरून उठतसुद्धा नसत. ही बाई जमिनीवर रांगते आहे हे पाहून शरयूचा राग बराच निवळला. फक्त एक गोष्ट मिसेस टॉलिव्हरनं खोडली. देवापुढे तेवणारं निरांजन पाहून ती म्हणाली, मुलं घरात असताना उघडी ज्योत चालणार नाही. आणि घरातल्या बोळात धूर झाला की वाजणारी घंटा बसवून घ्या.

सहा मुलांपर्यंतचं लायसन्स टपालानं आलं. शरयूनं ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं, गिरीशच्या बक्षिसांच्या शेजारी.

निरांजन बंद झालं, त्याबरोबर आणखी एक गोष्ट बंद झाली. शरयू काजळ घरी धरायची. एरंडेलाची वात लावून वर तांब्याची ताटली पालथी घालायची, धरलेली काजळी लोण्यात खलायची. तिच्या आईनं असंच केलं, तिनं गिरीशला असंच घातलं. आता मुलं नसताना, एका रविवारी तिनं वात लावली, तर बोळातली घंटा असा टाहो फोडायला लागली की गिरीश टॉवेल घेऊन वारा घालत सुटला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, आणि या खेपेला शेजारी बाहेर येऊन उभे राहिले. शरयूनं नाद सोडला. सनीवेलच्या वाण्याकडे सुरम्याची छोटी बाटली मिळायची. बारीक, चमकदार काळी पूड. ती थोड्या एरंडेलात खलली की काजळासारखीच होई, उलट जास्त काळीभोर. आई-वडील खूश होते. सुमेधाची आई पुण्याहून दर पत्रात विचारायची, बाळाला काजळ घालतेस ना?

ही सुमेधा म्हणजे शरयूच्या सगळ्यात लाडक्या मुलीची आई. ती आणि तिचा नवरा शैलेंद्र दोघेही इंजिनिअर. त्यांची उत्तरा चार महिन्यांची असल्यापासून शरयूकडे होती. रविवारचा दिवस काजळाशिवाय जाऊ नये म्हणून शरयूनं सुमेधाला एक डबी भरून दिली होती. उत्तराखेरीज १९८५ साली तिच्याकडे पद्मिनी नावाच्या एकीची अडीच वर्षांची जुळी होती, आणि चार वर्षांचा कुमार. कुमार सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत हट्टी. डोळ्यांजवळ कुणी बोट आणलं की घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून त्याला शरयूनं कधी काजळ घातलंच नाही.

मिसेस टॉलिव्हर दर वर्षी न कळवता येऊन बघून जाई. १९८४ साली आली तेव्हा तिला न्हाणीघराच्या फळीवर ती सुरम्याची बाटली दिसली. हे काय, असं तिनं विचारलं. डोळ्यात घालायचं, आमच्याकडे सगळी घालतात, असं शरयूनं सांगितलं. मिसेस टॉलिव्हरनं बाटली हातात फिरवून बघितली, मुलांच्या टपोऱ्या काळ्या डोळ्यांचं कौतुक केलं आणि बाटली जागेवर ठेवून दिली. अहवालात तिनं लिहिलं होतं, घर अतिशय स्वच्छ, मुलं आनंदी.

१९८५ च्या ऑक्टोबरात एका मंगळवारी सुमेधानं उत्तराला आणलं नाही. दुपारी तिचा फोन आला. पोरगी दीड महिना किरकिर करत होती, जेवत नव्हती, पोट साफ होत नव्हतं, चेहरा पिवळा पडला होता. शरयूनंच दोनदा सांगितलं होतं की डॉक्टरला दाखव. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं.

"मावशी, तिच्या रक्तात शिसं सापडलंय," सुमेधा म्हणाली.

शरयूला एकदम शिसपेन्सिल आठवली. कुमारच्या पेन्सिली उत्तरानं चघळल्या की काय? संध्याकाळी दिगंबरनं सांगितलं की पेन्सिलीत नावालाच शिसं असतं, ते ग्रॅफाइट. रक्तात सापडलंय ते खरं शिसं, धातू, विष. लहान मुलांच्या मेंदूवर जातं. जुन्या घरांच्या रंगात असतं.

शरयूनं भिंतीकडे पाहिलं. घर १९५१ सालचं होतं.

दुसऱ्या दिवशी मिसेस टॉलिव्हर आली, आरोग्य खात्याच्या एका माणसाला बरोबर घेऊन. तिनं सांगितलं, शोध लागेपर्यंत मुलं घ्यायची नाहीत. त्या माणसानं बंदुकीसारखं एक यंत्र प्रत्येक भिंतीला, चौकटीला, कठड्याला टेकवलं. अंगणातली माती पिशवीत भरली, नळाचं पाणी बाटलीत, खिडकीतली धूळ कापसावर. शरयूची कल्हईची पितळी पातेलीसुद्धा नेली. काय शिजवता, दूध कुठलं, खेळणी कुठली, मसाले कुठून येतात, काही औषध देता का, असं दोन तास विचारलं. शरयू सगळं सांगत होती. औषध देत नव्हतीच. डोळ्यांविषयी कुणी विचारलं नाही, आणि तिच्याही मनात आलं नाही.

दोघं गेल्यावर शरयू रिकाम्या खोलीत खाली बसली. साडेतीन वर्षं ज्या घराचा कोपरान् कोपरा तिनं झाकला, घासला, कुलुपात ठेवला, त्याच घरात विष? बाकीच्या मुलांचंही रक्त तपासायला पाठवलं होतं. पद्मिनीनं फोनवर रडत सांगितलं की जुळ्यांचे आकडे चौतीस आणि एकतीस आलेत. पंचविसाच्या खाली हवेत. उत्तराचा बावन्न होता. संध्याकाळी कुमारच्या वडिलांचा, गुरुदत्तचा फोन आला. त्याच्या आवाजात सुटका होती आणि थोडा संकोचही. कुमारचा आकडा नऊ.

शुक्रवारी घराचे निकाल आले. रंगात जुन्या थरात थोडं होतं, पण तो कुठेच निघालेला नव्हता. माती, पाणी, धूळ, पातेली, कशातच विशेष काही नाही. आरोग्य खात्याचा माणूस म्हणाला, घरात असतं तर जो मुलगा इथे सगळ्यांत जास्त राहिलाय, त्याच्यात ते सगळ्यांत जास्त निघालं असतं. म्हणजे ते त्या तिघांच्या घरी असणार. दिगंबरनं सुटकेचा निःश्वास सोडला. शरयूनं देवाला हात जोडले. आता सुमेधाच्या आणि पद्मिनीच्या अपार्टमेंटची झडती होणार होती.

शनिवारी दुपारी शरयू दिगंबरबरोबर हॉस्पिटलमध्ये गेली. तो गाडीत थांबला, ती वर गेली. उत्तरा उंच कठड्यांच्या पलंगावर बसली होती. रोज दोनदा मांडीत इंजेक्शन देत होते, मांड्या सुजल्या होत्या. मावशीला पाहून तिनं हात वर केले. शरयूनं तिला उचललं, छातीशी धरलं. सुमेधा पाच दिवस तिथेच होती, केसांना फणी लागली नव्हती. ती सांगत होती, की आकडा जितका उतरायला हवा तितका उतरत नाहीये, डॉक्टर बुचकळ्यात पडलेत, शैलेंद्र आज आरोग्य खात्याच्या लोकांबरोबर घरी आहे.

शरयूनं उत्तराचा चेहरा स्वतःसमोर धरला. डोळे नुकतेच रेखलेले होते. पोरीनं मूठ डोळ्यावर चोळली आणि तीच मूठ तोंडात घातली.

"हे काजळ?" शरयूनं विचारलं.

"मीच घातलं सकाळी. म्हटलं, दृष्टच लागली असेल कुणाची. तुमच्याच डबीतलं."

ती पोरीला घेऊन खुर्चीत बसली. डोळ्यांसमोर तिला कुमार दिसत होता, तोंड फिरवून, मुठी आवळून, घर डोक्यावर घेणारा कुमार. नऊ. जुळी दोघं शहाण्यासारखी मान वर करून उभी राहायची. चौतीस, एकतीस. आणि उत्तरा, जिला रविवारीसुद्धा सुट्टी नव्हती. बावन्न. तीन वर्षं रोज सकाळी कुणा ना कुणा पोराला स्वतःच्या करंगळीनं तिनं ते घातलं होतं, फुंकर मारून, गाणं म्हणत. त्याच करंगळीचा ठसा पोलिसांकडे होता.

तिनं ओल्या कापसानं उत्तराचे डोळे पुसले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पोरीचे हात पुसले, नखं पुसली. सुमेधा आश्चर्यानं बघत राहिली. मग शरयूनं डबी मागितली.

"का हो मावशी?"

"जुनं झालंय. मी नवीन भरून आणते," शरयू म्हणाली, आणि डबी पर्समध्ये टाकून बाहेर पडली.

हे शब्द आपल्या तोंडून कसे आले हे तिला पुढे कधीच समजलं नाही. ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

गाडीत बसून तिनं दिगंबरला सगळं सांगितलं. त्यानं किल्ली लावली होती, ती पुन्हा काढली. मग हळूहळू बोलायला लागला. खात्री कुठे आहे, तो म्हणाला. मी डबी कंपनीत नेतो, सोमवारी लॅबमध्ये बघून घेतो. नसलं काही तर उगाच बोभाटा कशाला?

"आणि असलं तर?"

दिगंबर म्हणाला, "असलं तर बाटली टाकून देऊ. पुन्हा घालणार नाहीस. मुलं बरी होतील. शरयू, लायसन्स जाईल, केस होईल. आपला गिरीश कॉलेजात आहे. लोक काय म्हणतील याचा विचार कर."

"लोक सुमेधाच्या घराच्या भिंती खरवडतायत," शरयू म्हणाली. "डॉक्टरला माहीत नाही कशावर औषध चाललंय. मला आत्ता त्या बाईकडे न्या."

त्यानं तरी किल्ली लावली नाही. ती दार उघडून उतरायला लागली, तेव्हा लावली. मिसेस टॉलिव्हरचं ऑफिस नऊ मैलांवर होतं.

शनिवार असल्यानं ऑफिस बंद होतं. मिसेस टॉलिव्हरनं अडीअडचणीला म्हणून कार्डाच्या मागे घरचा नंबर लिहून दिला होता. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरून शरयूनं फोन केला. इंग्रजी तिला कामापुरतं यायचं, त्यात आज जीभ वळत नव्हती. पण एवढं तिनं नीट सांगितलं, की ती डोळ्यांत घालायची काळी पूड मी घालत होते, ती कुमारला कधीच घातली नाही, बाकी तिघांना रोज घातली.

पलीकडून मिसेस टॉलिव्हरचा आवाज आला, अगदी बारीक.

"ती बाटली मी हातात धरली होती," ती म्हणाली. "मी ती परत ठेवली."

तासाभरात मिसेस टॉलिव्हर स्वतः गाडी घेऊन शरयूच्या घरी आली. बाटली, डबी, खलायची वाटीसुद्धा घेऊन गेली. जाताना तिनं सांगितलं की हॉस्पिटलला मी कळवते. शरयू म्हणाली, डॉक्टरांना कळवा. आईला मी सांगणार.

दिगंबरनं तिला पुन्हा हॉस्पिटलमध्ये नेलं, या वेळी तोही वर आला. सुमेधाला कॉरिडॉरमध्ये बोलावून शरयूनं सांगितलं. काही झाकलं नाही. सुरमा कुठून आणला, कधीपासून घातला, घरचं काजळ का बंद झालं, सगळं. सुमेधा ऐकत होती. ती रडेल, ओरडेल, असं शरयूला वाटलं होतं. तशी ती तयार होऊन आली होती. सुमेधानं फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मघाशी तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही तिचे डोळे पुसलेत, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. आणि मला सांगितलंत, नवीन भरून आणते."

"हो," शरयू म्हणाली.

"सुरम्याचं राहू दे, मावशी. मीही घातला. माझी आई पण विचारत होती. पण तीन तास तुम्ही मला सांगितलं नाहीत."

ती आत गेली. दार हळूच लोटलं गेलं.

प्रयोगशाळेचा निकाल आला. पूड जवळजवळ शिशाचीच होती, शंभरात साठ भागांच्या वर. आरोग्य खात्याच्या माणसानं आकडा फोनवर दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा त्याचा स्वतःचाही विश्वास बसला नव्हता. उत्तराचा आकडा त्यानंतर उतरत गेला. तिला आणखी एकदा हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, पण तो वर्षभरात पंधराच्या खाली आला. जुळ्यांना इंजेक्शनं लागली नाहीत, नुसतं काजळ बंद झाल्यावर ती सुधारली. मेंदूवर काही परिणाम झालाय का, या प्रश्नाला डॉक्टरांचं उत्तर होतं की मुलं मोठी होताना कळेल. वर्षानुवर्षं शरयू हे वाक्य घेऊन उठायची आणि ते घेऊन निजायची.

लायसन्स रद्द व्हायचं ते नुसतं स्थगित झालं. चौकशी झाली तेव्हा मिसेस टॉलिव्हरनं उभं राहून सांगितलं, या बाईनं सांगितलं नसतं तर आपल्याला कधीच कळलं नसतं, आणि चूक नोंदवायची असेल तर १९८४ च्या माझ्या अहवालापासून नोंदवा. तिच्या वरिष्ठांना ते आवडलं नाही. शरयूला चार महिन्यांनी लायसन्स परत मिळालं. ते परत घ्यावं की नाही याच विचारात तिनं आणखी महिना घालवला. शेवटी गुरुदत्तच कुमारचं बोट धरून दारात उभा राहिला. शाळा दुपारी सुटते, तेवढे दोन-तीन तास ठेवाल का? शरयूनं कुमारला आत घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. पद्मिनी जुळ्यांना घेऊन उन्हाळ्यात आली. सुमेधा आली नाही.

पण त्या रिकाम्या महिन्यांत शरयूनं एक काम केलं. सनीवेलच्या वाण्याकडे गेली. तो बिचारा म्हणाला, बहेनजी, बीस साल से बेच रहे हैं. आरोग्य खात्यानं त्याच्याकडच्या बाटल्या उचलल्या, पण अशी दुकानं बरीच होती, आणि माणसं देशातून येताना बॅगेत घेऊन येत. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, शरयू उभी राहिली. साठेक बायका असतील. पुढच्या रांगेत पाच-सहा तान्ही, बहुतेकांचे डोळे रेखलेले. ज्या हॉलमध्ये ती आजवर स्वयंपाकाच्या पातेल्यांमागे असायची, तिथे माईकसमोर उभं राहून तिनं सांगितलं, माझ्या हातून तीन मुलांना विषबाधा झाली.

मग लताबाई नावाच्या एक वयस्कर बाई, सुनेच्या बाळंतपणाला देशातून आलेल्या, ताडकन उठल्या. आमच्या पिढ्या गेल्या डोळ्यात काजळ घालून, आम्ही आंधळ्या झालो का, असं त्यांनी विचारलं. काही जणींनी माना हलवल्या. शरयूनं वाद घातला नाही. तिनं चार आकडे सांगितले. बावन्न, चौतीस, एकतीस आणि नऊ. नऊवाल्यानं मला कधी हात लावू दिला नाही, एवढंच म्हणून ती खाली उतरली. बाहेर चपला घालताना तिला कुणी थांबवलं नाही. तिळगूळ घ्यायचाही राहिला.

पुढच्या आठवड्यात फोन यायला लागले. आवाज खाली घेऊन, नवरा किंवा सासू घरात नसताना. रक्त कुठे तपासायचं, किती पैसे पडतात, सरकारला नाव कळवतात का. अकरा फोन आले. त्यांतल्या दोन मुलांचे आकडे जास्त निघाले. लताबाईंच्या सुनेचाही फोन आला होता, हे शरयूनं कुणाला सांगितलं नाही. मिसेस टॉलिव्हरनं तिला एकदा तपासनिसांच्या बैठकीत नेलं. तिथे तिनं आपल्या तुटक इंग्रजीत बाटली दाखवून समजावलं. एका तरुण तपासनिसानं त्या पुडीचं नाव कसं लिहायचं ते विचारलं, आणि वीस जणांनी वहीत लिहून घेतलं. त्यांच्या यादीत त्या वर्षी एक ओळ वाढली. बोटांचे ठसे घेतले म्हणून सुरुवातीला आलेला राग आठवून शरयूला त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. ठसे घ्या, आणखी काय हवं ते घ्या, तिला वाटलं, पण बघा. सगळं बघा. मी प्रेमानं करते म्हणाले तरी बघा.

उत्तराची गाठ तिला १९८९ च्या गणपतीत पडली. साडेपाच वर्षांची झाली होती, दोन शेंड्या, पुढचा दात पडलेला. मंडपात मुलांची गडबड चालली होती, आणि आरती संपल्यावर सुमेधा प्रसादाची वाटी आणि पाण्याचा पेला घेऊन शरयूच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. चार वर्षांत पहिल्यांदाच.

ती सांगत होती, उत्तरा शाळेत जायला लागली. वाचते. आकड्यांमध्ये जरा मागे आहे, बाई म्हणतात या वयात चालायचंच. "त्यामुळे की मुळातच, कुणी सांगू शकत नाही," सुमेधा म्हणाली. "मी रोज तिच्याकडे बघते आणि शोधते."

"मीही," शरयू म्हणाली.

सुमेधानं प्रसादाची वाटी खाली ठेवली.

"मला अजून राग येतो, मावशी."

"येऊ दे."

सुमेधानं मान हलवली. उत्तरा धावत आली आणि आईला इंग्रजीत म्हणाली, पाणी हवंय. समोर बसलेल्या बाईंना तिनं ओळखलं नाही. सुमेधानं सांगितलं, या शरयूमावशी, यांच्याकडे तू लहानपणी असायचीस. "हाय," उत्तरा म्हणाली आणि आईच्या हातातला पेला घेऊन घटाघटा प्यायली. शरयू तिच्या डोळ्यांकडे बघत होती. स्वच्छ, कोरे, रेघ नसलेले डोळे. पोरगी पेला परत देऊन मुलांमध्ये पळाली. शरयूनं हात पुढे केला होता, तो तिनं मांडीवर ठेवला.